वाटीचे माप

संध्याकाळचा स्वयंपाक सोपा झाला तो गॅस आणि कुकरमुळे, असे सर्रास म्हटले जाते. मला त्यात वाटीचाही मोठा हात दिसतो. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पाककृतींचे पुस्तक १९७० साली आले, तेव्हा त्यातली मापे वाटी-चमच्याची होती. तराजू नसलेल्या घरालाही ती लागू पडली. घरोघरच्या वाट्या सारख्या नसतात, हा आक्षेप खरा आहे. पण खिचडीला लागते ते प्रमाण. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, तिप्पट आधण. वाटी तीच ठेवली की माणसे दोन असोत की सहा, खिचडी जमते. आणि प्रमाण हाती असले की बदल करायला भीती उरत नाही: कुणी गोडा मसाला घालते, कुणी कांदा-लसूण मसाला, कुणी मूठभर मटार.

आया-आज्यांना अंदाज पुरत होता, मग पुस्तक कशाला, असेही विचारले जाते. अंदाज शिकायला मात्र चुलीपाशी कुणीतरी शेजारी असावे लागते. नोकरीसाठी मुंबई-पुण्यात वेगळे बिऱ्हाड थाटलेल्या मुलीजवळ ते कुणी नव्हते, वाटी होती.