विद्यापीठातील स्वयंचलित औषध-चाळणी : हार्वर्डमधील प्रारंभ

हजारो रासायनिक संयुगांतून गुणकारी संयुग निवडण्याचे काम विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रामुख्याने औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत चालत असे. संयुगांचा संग्रह, यंत्रमानव व तंत्रज्ञ यांचा खर्च विद्यापीठांच्या आवाक्याबाहेरचा होता आणि कंपन्यांचे बरेचसे निष्कर्ष गोपनीय राहत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रज्ञ स्टुअर्ट श्रायबर व पेशीशास्त्रज्ञ टिमोथी मिचिसन यांनी हार्वर्ड विद्यापीठात रसायन व पेशी जीवशास्त्र संस्था स्थापन केली, ती या पार्श्वभूमीवर. त्यांचा हेतू मात्र कंपन्यांहून भिन्न होता. जनुकशास्त्रज्ञ जनुकात बदल घडवून जे साधतो, ते लहान रेणूंच्या साहाय्याने प्रथिनांबाबत साधावे, ही त्यामागील भूमिका होती.

१९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले ‘मोनॅस्ट्रॉल’चे संशोधन या भूमिकेचे उत्तम उदाहरण ठरते. पेशीविभाजन थोपविणारी टॅक्सॉलसारखी तत्कालीन औषधे ट्युब्युलिन या प्रथिनावर क्रिया करीत. संशोधकांना त्याहून वेगळे लक्ष्य हवे होते. १६,३२० संयुगांच्या पहिल्या चाळणीत विभाजन रोखणारी १३९ संयुगे उरली. त्यांतून ट्युब्युलिनवर परिणाम करणारी वगळून उर्वरित संयुगांचा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आला. केवळ विभाजनावस्थेतील पेशींवर परिणाम करणारी पाचच निघाली. त्यांपैकी मोनॅस्ट्रॉलमुळे दोन ध्रुवांच्या तर्कूऐवजी एकाच केंद्राभोवती ताऱ्यासारखी रचना दिसली. ‘ईजी-५’ हे चालक प्रथिन रोखले गेल्याचा तो परिणाम होता. यंत्राने गती दिली हे खरे. परंतु कोणती चाचणी कोणत्या क्रमाने लावावी, हा निर्णय पेशीशास्त्राचा होता. यंत्रखरेदीच्या चर्चेत नेमका हाच भाग मागे पडतो.

चाळणीतील यश फसवेही असते. काही संयुगे द्रावणात गोळा होऊन अनेक विकरे सरसकट रोखतात, हे ब्रायन शॉइचेट यांच्या गटाने २००२ साली दाखविले. पुष्टीच्या चाचण्यांवाचून मोठी आकडेवारी निरर्थक ठरते, याची जाणीव त्यामुळे वाढली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००४ साली ‘पबकेम’ हा खुला संग्रह सुरू केला. तेथे यशाबरोबर निष्फळ ठरलेल्या चाचण्यांची माहितीही उपलब्ध झाली. आपल्याकडील मर्यादित साधनांच्या महाविद्यालयांना यंत्रमानवापेक्षा हा संग्रह अधिक उपयुक्त आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मोनॅस्ट्रॉल स्वतः औषध झाले नाही. त्याच लक्ष्यावरील इस्पिनेसिबसारखी संयुगे रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचली, पण कर्करोगाच्या नित्य उपचारांत त्यांना स्थान मिळाले नाही. प्रयोगशाळांत मात्र पेशीविभाजनाच्या अभ्यासासाठी मोनॅस्ट्रॉल आजही वापरले जाते.