शेअर फोल्डरमधली फाईल कॉपी होईना? अडलंय कुठं ते आधी ओळखा

सोलापूर : माढा, सांगोला, अक्कलकोटकडच्या गावांत सेवा केंद्र, शाळा, पतसंस्था, फोटो स्टुडिओत आता दोन-तीन कॉम्प्युटर असतात. एका मशीनवर फोल्डर शेअर केलेला, बाकीचे त्यातून फाईल घेतात. अर्जाची शेवटची तारीख असते, बाहेर रांग असते आणि नेमकी तेव्हाच कॉपी अडते.

घाईत 'कट' करू नका, 'कॉपी'च करा. कट-पेस्ट मध्येच तुटलं तर निम्मा फोल्डर इकडं, निम्मा तिकडं होतो आणि मग शोधत बसावं लागतं.

आता बघा, फोल्डर उघडतोय का? उघडतच नसेल तर दोष जोडणीत आहे. मोबाईलवरून घेत असाल तर फोन त्याच वायफायवर हवा, मोबाईल डेटावर शेअर फोल्डर दिसत नाही. राउटरच्या 'गेस्ट' वायफायवरूनही बहुतेक वेळा दिसत नाही. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. आपल्याकडं आणखी एक भानगड असते. लाईट जाऊन आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि मुख्य मशीनचा आयपी पत्ता बदलू शकतो, म्हणून कालचा शॉर्टकट आज चालत नाही. त्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाका, नवा पत्ता मिळेल. तो कायमचा ठरवून द्यायची सोय राउटरमध्ये असते.

एक्सपीच्या काळातलं जुनं मशीन नव्याला दिसत नसेल तर कारण वेगळं. ते एसएमबी-१ ही जुनी पद्धत वापरतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरस याच पद्धतीतल्या खिंडारातून जगभर पसरला, आणि त्याच वर्षाअखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती मुळात येत नाही. कुणी म्हणेल, चालू करून देतो. करू देऊ नका. जुन्या मशीनवरचा डेटा एकदाच पेनड्राईव्हने काढून घ्या.

फोल्डर दिसतो पण 'ॲक्सेस डिनाईड' येतं, तेव्हा प्रश्न परवानगीचा. परवानगी दोन ठिकाणी असते, 'शेअरिंग'मध्ये आणि 'सिक्युरिटी'मध्ये. दोन्हीत जी कडक तीच लागू होते. पासवर्ड मागितला तर तिथं पिन चालत नाही. रोज चार आकडी पिन टाकून मशीन उघडणारे इथंच अडकतात. खात्याचा खरा पासवर्डच लागतो.

कॉपी सुरू होऊन मध्येच थांबली, तर फाईलकडं बघा. लग्नाचा व्हिडिओ ४ जीबीपेक्षा मोठा असेल आणि पेनड्राईव्ह 'फॅट-३२' असेल तर जागा रिकामी असूनही फाईल बसणार नाही. 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करावा लागतो. त्यात आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी डेटा काढा. जुन्या टीव्हीवर एक्सफॅट चालेलच असं नाही, हेही गिऱ्हाईकाला सांगून ठेवा.

नावाचीही अडचण येते. विंडोजवर फोल्डरांसकट पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या पुढं गेला की कॉपी अडू शकते. मोबाईलच्या मेमरीत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, मराठीतल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलाही ३. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं! शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, योजना असं सगळं नावात कोंबलं की कॉम्प्युटरवर चालतं, पण फोनवर येत नाही. नावात तिरकी रेघही चालत नाही, तेव्हा '७/१२' ऐवजी 'सातबारा' लिहा.

मध्ये लाईट गेली असेल तर कॉपी झालेली दिसणारी फाईल अर्धीही असू शकते. दोन्हीकडं 'प्रॉपर्टीज'मध्ये बाइटचा आकडा जुळवा, पीडीएफ असेल तर शेवटचं पान उघडून बघा. अर्धी पीडीएफ अपलोड झाली आणि अर्ज त्रुटीत निघाला, तर तालुक्याची खेप शेतकऱ्याला पडते. मोठ्या फायलींसाठी विंडोजमध्येच 'रोबोकॉपी' आहे. तिच्यात 'झेड' पर्याय लावला की तुटलेली कॉपी जिथं थांबली तिथून पुढं सुरू करता येते.