म्हादई, तारिणी आणि 'एका धडाची' बोट : शिडाच्या नावेतले नेहमीचे शब्द

खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई गोव्यात उतरली की मांडवी होते. पाणीवाटपाच्या तंट्यामुळे हे नाव सीमाभागात रोज कानावर पडते. पण याच नावाची एक बोट जग फिरून आली, हे अनेकांना ठाऊक नसते. भारतीय नौदलाची 'म्हादई' ही शिडाची नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर, म्हणजे त्याच नदीच्या काठी बांधली गेली आणि २००९ मध्ये नौदलात आली. तिची धाकटी बहीण 'तारिणी' २०१७ ची. या बोटींच्या बातम्यांमध्ये मोनोहल, स्लूप, कील, टॅकिंग असे शब्द येतात. ते नेमके काय, ते पाहू.

हल म्हणजे बोटीचे धड. डोलकाठी, शिडे, दोर काढून टाकले तर पाण्यावर उरते ते. मोनोहल म्हणजे असे एकच धड असलेली बोट. कॅटामरानला शेजारी शेजारी दोन धडे असतात. हा शब्द मूळ तमिळ 'कट्टुमरम्', म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके, यावरून आला. मालवणकडे होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांना जो ओंडका बांधतात, ती उलांडी. ती धरून होडी एका धडाची राहत नाही. तोल उलांडी सांभाळते.

मग ज्या बोटीला उलांडीही नाही आणि दुसरे धडही नाही, ती वाऱ्याने आडवी का होत नाही? याचे उत्तर कीलमध्ये आहे. मराठीत नावेच्या तळाच्या कण्याला पठाण म्हणतात. आजच्या मोनोहलमध्ये त्याखाली माशाच्या परासारखे एक खोल पाते उतरवलेले असते आणि त्यात शिसे किंवा लोखंड भरतात. जुन्या गलबतात तोल राखायला तळाशी दगड किंवा जड माल भरत, त्याला नीरम म्हणत. इथे ते नीरम बोटीच्या पोटात नसून पोटाखाली लटकते. वारा शिडाला ढकलतो तशी बोट कलते, पण जितकी कलेल तितके खालचे वजन तिला परत उभे करायला ओढते. पहिल्यांदा बसणाऱ्याला तो कल पाहून धडकी भरते. खरे तर ठरावीक मर्यादेपर्यंत कलणे हे मोनोहलचे रोजचेच काम आहे.

कॅटामरान फारशी कलत नाही, आत ऐसपैस जागा असते, उथळ पाण्यातही जाते. मात्र एकदा पूर्ण उलटली की ती उलटीच राहते. मोनोहल पुन्हा सरळ होते. याची प्रचीती सप्टेंबर २०१८ मध्ये आली. गोव्यातच बांधलेल्या 'थुरिया' या छोट्या बोटीतून अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे निघाले होते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट पूर्ण उलटून पुन्हा उभी राहिली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, जागचे हलणेही अवघड झाले. पण बोट तरंगत राहिली आणि तिसऱ्या दिवशी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाच्या माणसांनी त्यांना तिच्यावरूनच उचलून नेले.

कीलचे दुसरे काम आणखी मजेशीर. शिडाची बोट फक्त वाऱ्यामागे वाहत जाते, हा समज चुकीचा. वारा बाजूने आला तर शीड बोटीला आडवे ढकलते, कील पाण्यात आडवे सरकू देत नाही, मग बोट निसटते ती पुढे. फणसाची ओली आठळी दोन बोटांत दाबली की सुळकन पुढे जाते, तसेच काहीसे. मात्र थेट वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची बोट जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असे नागमोडी जावे लागते. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वाऱ्यातून फिरवून बाजू बदलणे हे टॅकिंग. मागची बाजू वाऱ्यातून फिरवली तर ते जायबिंग. यात शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, झपकन या बाजूची त्या बाजूला जाते. डोके खाली घ्यायला विसरलेल्याचा कपाळमोक्षच!

एका डोलकाठीवर मागे मोठे शीड आणि पुढे तिकोनी शीड, ही मांडणी म्हणजे स्लूप. शीड वर चढवायचा दोर हॅलयार्ड आणि ते ताणायचा-सोडायचा दोर शीट. शीट म्हटले की कापड डोळ्यांसमोर येते. इथे तो दोरच. वारा वाढला की शीड थोडे गुंडाळून लहान करतात, ते रीफिंग. अनुभवी खलाशी हे काम वेळेआधीच उरकतात. पुढे तोंड केले असता डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. रात्री डावीकडे तांबडा दिवा, उजवीकडे हिरवा. वेग नॉटमध्ये मोजतात, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

म्हादई आणि तारिणी दोघीही सुमारे ५६ फुटी, एका डोलकाठीच्या मोनोहल. म्हादईवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये टॉमींनी तीच प्रदक्षिणा न थांबता पुरी केली. तारिणीवरून सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून गोव्यात परतल्या. त्यांतल्या ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तारिणी घेऊन निघाल्या आणि केप हॉर्नला वळसा घालून मे २०२५ अखेर गोव्याला पोचल्या.