वेबसाइट बिल्डरवर बनवायची की डेव्हलपरकडून? आधी बघा, ‘सातबारा’ कोणाच्या नावावर आहे

कल्याणहून माळशेज घाट चढून वर आलं की जुन्नर तालुक्यातलं मढ लागतं. जवळ पिंपळगाव जोगा धरण, पलीकडे खिरेश्वर आणि हरिश्चंद्रगडाची वाट. 2018 मध्ये राज्य सरकारने जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. 2020 मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे येणारा पर्यटक आधी मुंबई-पुण्यात बसून मोबाइलवर शोधतो आणि मगच गाडी काढतो. त्यामुळे अशा भागात चार खोल्यांचा होमस्टे टाकणाऱ्यालाही एक प्रश्न पडतोच. वेबसाइट बनवायची, पण कशी?

एक जण सांगतो, “बिल्डरवर दोन दिवसांत होते.” दुसरा म्हणतो, “डेव्हलपरकडून नीट बनवून घे.” या दोन्हींत फरक काय, समजून घेऊया.

वेबसाइट बिल्डर म्हणजे काय?

हा इमारती बांधणारा बिल्डर नव्हे. विक्स, झोहो साइट्स, शॉपिफाय यांसारख्या सेवांवर तयार साचे मिळतात. फोटो टाकायचे, मजकूर लिहायचा, महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरायचे, की साइट सुरू. सर्व्हर आणि सुरक्षेची बरीचशी काळजी कंपनी घेते. थोडक्यात, हा बाजारपेठेतला भाड्याचा गाळा आहे. लगेच धंदा सुरू करता येतो, पण भिंत पाडून दार काढता येत नाही. शिवाय गाळा सोडताना बांधकाम सोबत नेता येत नाही. उदाहरणार्थ, विक्सवर बनवलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येत नाही.

आणि कस्टम डेव्हलपमेंट?

यात डेव्हलपर तुमच्या गरजेप्रमाणे साइट लिहून देतो. हे झालं स्वतःच्या जागेवरचं घर. हवं तसं बांधता येतं, पण छप्पर गळलं तर दुरुस्तीही आपल्याच खर्चाने. होस्टिंग, बॅकअप, सुरक्षेचे अपडेट हा खर्च दरवर्षी येतो. 2003 मध्ये आलेलं वर्डप्रेस हा मधला मार्ग आहे. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि स्वतःच्या होस्टिंगवर चालवलं तर साइट दुसरीकडे हलवता येते. मात्र त्याचीही देखभाल करावी लागते.

खर्चाचं गणित कसं मांडायचं?

पहिल्या बिलावर जाऊ नका, पाच वर्षांचा हिशोब करा. समजण्यासाठी काही आकडे धरू. बिल्डरचे महिन्याला 500 रुपये, म्हणजे पाच वर्षांत 30 हजार. डेव्हलपरचे सुरुवातीला 40 हजार आणि देखभालीचे वर्षाला 8 हजार, म्हणजे पाच वर्षांत 80 हजार.

आता दुसरी बाजू. बुकिंग अॅप 2 हजारांच्या खोलीमागे 15 टक्के कमिशन घेतं असं धरलं, तर एका रात्रीचे 300 रुपये जातात. म्हणजे वर्षाला 20 रात्री थेट स्वतःच्या साइटवरून बुक झाल्या, तर बिल्डरचा खर्च निघाला. कस्टम साइटसाठी हाच आकडा 53 रात्रींच्या पुढे जातो. मधल्या 50 हजारांच्या फरकाचं मोल होईल असं कोणतं काम तुम्हाला साइटकडून हवं आहे, हा खरा प्रश्न.

मग कोणी काय निवडावं?

• फोटो, दर, नकाशा, फोन आणि व्हॉट्सअॅपचं बटण एवढंच हवं असेल, तर बिल्डर पुरेसा आहे.

• द्राक्षं, बेदाणे, मध ऑनलाइन विकायचे असतील, तर दुकानासाठीच बनवलेला बिल्डर किंवा वर्डप्रेसवरचं दुकान बघा.

• दहा होमस्टे मिळून एकच बुकिंग कॅलेंडर, ट्रेकच्या तुकड्या, प्रत्येक घरमालकाचा वेगळा हिशोब असं काही हवं असेल, तर डेव्हलपरकडे जाण्यात अर्थ आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू. घाटात नेटवर्क मिळेलच असं नाही. जड व्हिडिओ आणि हलणारी चित्रं भरलेली साइट उघडेपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या होमस्टेला फोन लावतो.

पण सगळ्यात मोठा धोका कुठे आहे?

गूगल बिझनेस प्रोफाइलवरून पूर्वी फुकट वेबसाइट बनवता यायची. मार्च 2024 मध्ये गूगलने या साइट बंद केल्या. 10 जून 2024 पर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला प्रोफाइलकडे वळवलं जात होतं. त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी कार्डावर, पाटीवर गूगलने दिलेला फुकटचा पत्ता छापला होता, त्यांचा तो पत्ताच गेला. ज्यांच्याकडे स्वतःचं डोमेन होतं, त्यांना तेच नाव नव्या साइटला जोडता आलं.

डोमेन म्हणजे तुमच्या वेबसाइटचा पत्ता. जमिनीसाठी सातबारा तसं साइटसाठी डोमेन. भाड्याचा गाळा बदलता येतो, घर पाडून पुन्हा बांधता येतं, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर सगळंच अडतं. हा धोका डेव्हलपरकडेही असतो. त्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतलं आणि उद्या फोन उचलणं बंद केलं, तर नूतनीकरणाची सूचनाही तुमच्यापर्यंत येणार नाही. मुदत संपलेलं नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.

डोमेन देवनागरीतही मिळतं. मराठीसह काही भारतीय भाषांसाठी ‘.भारत’ 2014 मध्ये सुरू झालं. पण बरेच ग्राहक पत्ता इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून तोही सोबत ठेवा.

पैसे देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

1. डोमेन माझ्या नावावर, माझ्या ईमेल आणि मोबाइल नंबरवर आहे का?

2. होस्टिंगचा आणि साइटचा मुख्य पासवर्ड मला मिळेल का?

3. दुसऱ्या वर्षापासून किती पैसे भरावे लागतील?

4. ग्राहकांची यादी आणि ऑर्डर एक्सेल फाइलमध्ये काढून घेता येतील का?

5. दर बदलायचा असेल, तर मी स्वतः मोबाइलवरून बदलू शकेन का?

पाचही उत्तरं लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर घेतली तरी चालतील. पहिल्याच प्रश्नाला “ते आम्ही बघतो” असं उत्तर आलं, तर आगाऊ रक्कम देऊ नका. डोमेन आधी स्वतः विकत घ्या. मग त्यावर गाळा लावायचा की घर बांधायचं, हे सावकाश ठरवता येतं.