दरबारखर्चाची बाब

जिल्हा कोषागारात बिले तपासण्यातच माझी सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर मोडी शिकले ती एवढ्यासाठी, की पेशवाईत हेच काम कसे चाले ते पाहावे.

परगण्याचा वसूल कमाविसदाराकडे असे, पण पैसा त्याच्या एकट्याच्या ताब्यात नसे. कचेरीत सरकारने नेमलेले दरखदार बसत. फडणीस रोजकीर्द लिही. तिच्यावरून दफ्तरदार खतावणी करी आणि दरमहा गोषवारा हुजुरास, म्हणजे पुण्याच्या दरबारी, पाठवी. मुजुमदार हिशेब तपासल्याशिवाय पुढे सोडत नसे. पोतनीस शिल्लक सांभाळी आणि नाणी पारखायला पोतदार तर दोन असत. यांच्यापैकी कोणालाही काढून टाकण्याचा अधिकार कमाविसदाराला नव्हता. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्याच हाती तपासनिसाची नोकरी असली की काय होते, हे कोषागारात बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

वर्षारंभी पुण्याहून बेहेडा येई. परगण्यातून जमा किती अपेक्षित आणि कोणत्या बाबीवर किती खर्च मंजूर, हे त्यात ठरलेले असे. वर्षअखेरीचे हिशेब देशमुख-देशपांड्यांच्या कागदांशी ताडून पाहत. हुजूर दफ्तरात हे सगळे जमा होऊन त्याची घडणी म्हणजे बाबवार वर्गवारी, खतावणी आणि तर्जुमे म्हणजे गोषवारे तयार होत. नाना फडणिसांच्या काळात या दफ्तराला जी शिस्त होती, ती पाहून आजही मन भरून येते.

तरीही पैसा पाझरत होता. कसा, ते पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात नोंदवले आहे. हिशेब मंजूर करून घेण्यासाठी मामलेदार, म्हणजे कमाविसदारासारखेच वसुली अधिकारी, दरबारातल्या मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप पैसे देत. हळूहळू ती रक्कम ठरून गेली आणि दरबारखर्च म्हणून हिशेबात उघड मांडली जाऊ लागली. इतर बाबींसारखी तिचीही तपासणी होई! पण लाच हिशेबात धरली गेली म्हणून लाच थांबली नाही. नवी द्यावी लागे आणि तिच्यासाठी रयतेकडून आणखी वसूल होई. या नाजूक बाबीत तपासणारे फार खोल जात नसत, म्हणून मामलेदार वर पोचवायच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त गोळा करी आणि उरलेले स्वतःकडे ठेवी.

हे वाचताना माझा जीव तुटतो. लिहिणारे कुशल होते, तपासणीही होती, ताळेबंदही जुळत असे. पण तो हिशेब ज्याच्या शेतातून पैसा आला, त्याच्यासाठी लिहिलेला नव्हताच. कुणब्याला गावच्या कुलकर्ण्याने सांगितलेला आकडा कळे. पुढे त्याचे काय झाले, हे विचारायला त्याला कुठे जागा नव्हती.

दुसऱ्या बाजीरावाने आहे ती चौकटही मोडली. जो जास्त बोली लावील त्याला परगणा मक्त्याने मिळू लागला. मुदत अनिश्चित, त्यामुळे मक्तेदाराने हाती लागेल तेवढे ओरबाडले. हुजूर दफ्तर दुर्लक्षात गेले आणि त्यातले कागद लोक घरी घेऊन गेले तरी कोणी हटकले नाही. हे दोन्ही एकाच राजवटीत घडले, यात मला नवल वाटत नाही.

आज राज्याच्या हिशेबावरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो. राज्यघटनेच्या कलम 151 ने ते बांधून दिले आहे. लोकलेखा समिती त्यावर सचिवांना बोलावून जाब विचारू शकते. महाराष्ट्राने 2002 मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला, 2005 मध्ये देशाचा आला आणि कुणब्याच्या नातवंडांना साध्या अर्जावर कागद मागता येऊ लागला. नानांच्या दफ्तरातही ही सोय नव्हती.

पण महालेखापरीक्षकांचा हा अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो आणि त्याच संध्याकाळी सभागृह उठते. तो पहिल्या आठवड्यात यावा. त्यावर दोन दिवस चर्चा व्हावी. आणि त्यातला जिल्ह्याजिल्ह्याचा तपशील सोप्या मराठीत त्या त्या तहसील कचेरीच्या फलकावर लावावा.