क्रोशाचे विणकाम (महाराष्ट्र)

क्रोशाचे विणकाम किंवा क्रोशेकाम ही टोकाशी आकडी असलेल्या एकाच सुईने दोऱ्याचे फास एकमेकांत ओवून जाळी, लेस व वस्त्रे तयार करण्याची हस्तकला आहे. क्रोशे हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ‘लहान आकडी’ असा होतो. महाराष्ट्रात विसाव्या शतकात ही कला मध्यमवर्गीय घरांत व मुलींच्या शाळांत रुजली. मराठी घरांत ‘लेस विणणे’ म्हटले की बहुधा क्रोशाचेच काम अभिप्रेत असते.

लेसचे प्रकार

हाताने केलेल्या लेसचे चार प्रमुख प्रकार आहेत. सुईच्या लेसमध्ये शिवणाच्या सुईने हवेतच टाके रचले जातात. बॉबिन लेसमध्ये उशीवर टाचण्या रोवून अनेक रिळांचे दोरे एकमेकांत गुंफतात. टॅटिंगमध्ये होडीच्या आकाराच्या लहान शटलने गाठी मारतात. क्रोशाला मात्र एक सुई व एक दोरा एवढेच पुरते. उशी, चौकट किंवा माग यांची गरज नसल्याने हे काम गप्पा मारताना, प्रवासात किंवा दुपारच्या फावल्या वेळात करता येते. घरकामातून सलग वेळ न मिळणाऱ्या स्त्रियांमध्ये ही कला लवकर पसरली, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

तंत्र

कामाचा आरंभ साखळीने होतो. साखळी, एकेरी टाका, अर्धा खांब, खांब आणि लांब खांब या मोजक्या टाक्यांतून सर्व नमुने सिद्ध होतात. सुती दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक असतो. २० क्रमांकाच्या दोऱ्यासाठी साधारणपणे १ ते १.५ मिलिमीटर जाडीची पोलादी सुई वापरतात.

गोल रुमाल सपाट राहण्यासाठी टाक्यांचे गणित सांभाळावे लागते. पहिल्या फेरीत १२ खांब घेतल्यास पुढील फेऱ्यांत २४, ३६, ४८ अशी वाढ करतात. वाढ कमी पडली तर काम वाटीसारखे आत वळते, जास्त झाली तर कडेला झालर पडते. याच झालरीच्या तत्त्वावर कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये अपास्तिक भूमितीच्या क्रोशे-प्रतिकृती विणल्या. कागदावर समजण्यास अवघड असलेली ही भूमिती त्यामुळे हातात धरून पाहता येऊ लागली.

चौकटींच्या जाळीत भरीव व रिकामे चौकोन योजून चित्र उमटवतात. मोर, हंस, ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरे असलेली तोरणे या पद्धतीने विणली जातात. आलेखाच्या कागदावर काढलेला एकच नमुना भरतकामातील फुलीच्या टाक्यालाही चालतो.

इतिहास

आज परिचित असलेले क्रोशे युरोपात एकोणिसाव्या शतकात प्रचारात आले. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशे लेस हे अनेक कुटुंबांच्या निर्वाहाचे साधन बनले. भारतात ही व इतर प्रकारची लेस प्रामुख्याने ख्रिस्ती मिशनांमार्फत आली. नागरकोविल परिसरात १८२० च्या सुमारास लंडन मिशनरी सोसायटीच्या शाळेत लेसकाम सुरू झाले. आंध्र प्रदेशातील नरसापूर हे पुढे क्रोशे लेसच्या निर्यातीचे मोठे केंद्र झाले. गोव्यातही क्रोशे व लेस यांची परंपरा आहे.

मराठी मुलखात मुलींच्या शिक्षणाबरोबर सुईकामाचा प्रवेश झाला. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईस आल्या व पुढे अहमदनगर येथे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मिशनच्या मुलींच्या शाळांत लेखन-वाचनास शिवणकामाची जोड असे. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये मिशनचे काम सुरू केले. वारणानगरलगतचे कोडोली हे त्या मिशनचे पुढील काळातील एक केंद्र होते.

पंडिता रमाबाई यांचे शारदा सदन (१८८९), धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुणे सेवासदन (१९०९) या संस्थांनी निराधार व विधवा स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे करण्याचा प्रयत्न केला. सेवासदनात शिवण व भरतकामाचे वर्ग चालत. त्यामुळे सुईकामाकडे केवळ विरंगुळा म्हणून न पाहता उपजीविकेची विद्या म्हणून पाहण्याची दृष्टी निर्माण झाली. स्वातंत्र्योत्तर काळात कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली. कार्यानुभवाच्या तासाला अनेक शाळांतून मुली विणकाम शिकल्या.

शिकण्याची रीत व सोबत

यूट्यूबपूर्वीच्या दशकांत क्रोशे शिकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे जाणत्या बाईशेजारी बसणे हा होता. आई, आत्या, शेजारीण किंवा शिवणाच्या बाई टाका करून दाखवत, शिकणारी तो उसवून पुन्हा घाली. नमुना लिहून ठेवण्यापेक्षा विणलेला तुकडाच जपून ठेवण्याची पद्धत होती. असे तुकडे एका घरातून दुसऱ्या घरात उसने जात आणि टाके मोजून नमुना उतरवला जाई. स्त्रियांच्या मासिकांतील नमुन्यांची कात्रणेही वहीत चिकटवली जात. गावात नवी आलेली सून किंवा बदलीने आलेली शिक्षिका आपल्यासोबत परक्या भागातील नमुने आणी. समान आवड असलेल्या स्त्रियांची ओळख महिला मंडळे, हळदीकुंकू आणि विशेषतः लग्नातील रुखवत यांतून होई. रुखवतात मांडलेला रुमाल कोणी विणला ही चौकशी पुष्कळदा नव्या मैत्रीचा आरंभ ठरे.

तोरणे, टेबलावरील रुमाल, उशांच्या अभ्य्रांची लेस, कडेला मणी ओवलेली तांब्या-भांड्यावरील झाकणे, बटवे आणि बाळंतविड्यातील टोपडी या नेहमीच्या वस्तू होत. त्यांवर विणणारीचे नाव नसते. त्यामुळे मागील पिढ्यांतील बहुतेक नमुने निनावी राहिले, आणि नमुन्याचा तुकडा हरवला की नमुनाही लुप्त होतो.

श्रमाचे मोल

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेसकामाचा अभ्यास १९८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. जागतिक बाजारासाठी विणणाऱ्या स्त्रियांना ‘गृहिणी’ आणि त्यांच्या कामाला ‘फावल्या वेळचे काम’ मानले गेल्याने अत्यल्प मजुरी समर्थनीय ठरली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

याच्या तुलनेत पापड उद्योगाचे उदाहरण उद्बोधक आहे. मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात स्त्रियांनी सुरू केलेल्या लिज्जत पापड उद्योगात काम करणारी प्रत्येक भगिनी सहमालक असते. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या वारणानगरातही वारणा भगिनी मंडळाच्या रूपाने स्त्रियांचे संघटन उभे राहिले व पापडनिर्मितीतून अनेकींना घराजवळ उत्पन्न मिळाले. पापडाचे काम वजनावर मोजता येते. एका रुमालामागील तास मात्र डोळ्यांना दिसत नाहीत आणि विणणारी स्वतःही ते सहसा मोजत नाही. क्रोशेकामाला योग्य दर मिळण्यातील ही मूळ अडचण आहे.

सद्यःस्थिती

यंत्रावरील स्वस्त लेस व बदललेली घरसजावट यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोशेकाम मागे पडले. अलीकडे समाजमाध्यमांमुळे त्याला पुन्हा चालना मिळाली आहे. चेन्नई येथे जानेवारी २०१६ मध्ये अनेक स्त्रियांनी विणलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशे पांघरूण तयार करण्यात आले व त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. महाराष्ट्रात बचत गटांची उत्पादने ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांतून विकली जातात, त्यांत विणकामाच्या वस्तूही असतात. जुन्या घरांतील नमुन्यांचे तुकडे, ते विणणारीचे नाव, गाव आणि अंदाजे वर्ष यांसह नोंदवून ठेवणे हा या कलेच्या जतनाचा सर्वांत सोपा मार्ग आहे.