तारेबरोबर आलेली वीज

भातलावणीच्या दिवसांत किन्हवलीकडे पावसाने वीज जाते, हे शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांना सांगायला नको. तारेचा दूरध्वनी ज्यांच्या घरी होता त्यांना आठवत असेल, की घरात अंधार असला तरी, तार शाबूत असेल तर तो चाले. आज हातातला मोबाइल पूर्ण भरलेला असतो, पण मनोरा बंद पडला की त्याचा उपयोग विजेरीपुरता उरतो. यंत्र सुधारले, मग हे उलटे कसे झाले?

मुंबई १८५४ साली आग्र्याशी तारेने जोडली गेली, तेव्हा घरोघरी पोचणारी वीज नव्हतीच. तारयंत्राची वीज तार कचेरीतच घटांत तयार करीत. आपल्याकडे पुढे मिनोट्टोचा घट वापरात आला. भांड्याच्या तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे खडे, मग ओली वाळू किंवा लाकडाचा भुसा आणि सर्वांत वर जस्ताची चकती. एका घटाचा दाब सुमारे १ व्होल्ट. काचेच्या पेल्यात हा घट वर्गात करून पाहता येतो. जस्त झिजे, मोरचूद संपे, पण ते बदलणारा माणूस जागेवरच असे.

मुंबईत दूरध्वनी १८८२ साली आला. जुन्या पद्धतीत प्रत्येक यंत्राजवळ स्वतंत्र घट ठेवावे लागत. पुढे घटांचा मोठा संच केंद्रातच ठेवून, ज्या दोन तारांतून बोलणे जाते त्यांतूनच वीजही पाठवू लागले. गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केलेला शिसे-आम्लाचा संचायक घट इथे उपयोगी पडला. एकाचा दाब २ व्होल्ट, २४ घटांचे ४८. यातले धन अग्र जमिनीला जोडतात, म्हणून दाब ‘उणे ४८’ म्हणायचा. तार धन असती, तर दमट जागी तिचे तांबे विद्युत-अपघटनाने झिजत गेले असते. कोकणच्या पावसाचा विचार केला म्हणजे या उण्या चिन्हाचे मोल कळते!

सी-डॉट ही संस्था १९८४ साली स्थापन झाली. तिचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. त्याला वातानुकूलन लागत नव्हते, ही खेड्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट. इथेही वीज केंद्राकडून तारेबरोबरच घरी येत होती.

मोबाइलने ही तार काढून टाकली. आता एका टोकाचा घट आपल्या खिशात आणि दुसऱ्या टोकाचे घट मनोऱ्याच्या पायथ्याशी, बहुधा तेही ४८ व्होल्टचेच. मात्र तिथे कायम माणूस नसतो. समजा, मनोऱ्याला ३० अँपिअर प्रवाह लागतो आणि घटसंच ६०० अँपिअर-तासांचा आहे. भागाकार २० तास सांगतो. प्रत्यक्षात संच पूर्ण रिकामा होऊ देत नाहीत, म्हणून वेळ त्याहून कमीच मिळतो.

खरी अडचण आणखी वेगळी आहे. शिसे-आम्लाचा घट वापरताना त्याच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि भरताना ते विरघळते. वीज थोडाच वेळ येऊन पुन्हा गेली, तर घट अर्धवट भरतो. उरलेल्या सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होत जातात, मग ते विरघळत नाहीत. शिवाय तापमान १० अंशांनी वाढले, की घटाचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणजे जिथे विजेचा भरवसा कमी, तिथेच घटही लवकर निकामी होतात. कागदावर ६०० लिहिलेलेच राहते!

यावर उपाय म्हणून डिझेलचे जनित्र आले. पण डिझेल चिखलाच्या रस्त्याने न्यावे लागते. दूरसंचार विभागाने २०१२ साली सांगितले, की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील निम्मे मनोरे सौर वगैरे अपारंपरिक ऊर्जेच्या जोडीने चालावेत. आता लिथियम-आयन घटही येत आहेत. ते लवकर भरतात आणि अर्धवट भरणे त्यांना फारसे बाधत नाही.

रात्री लावणीच्या शेताकडे कुणाला साप चावला, तर घरचे १०८ फिरवतात. राज्यात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. तो फोन लागणार की नाही, हे पट्ट्यांवर किती सल्फेट चढले आहे यावरही ठरते.

शाळेत एक नोंद ठेवता येईल. वीज कधी गेली आणि त्यानंतर मोबाइलच्या रेषा कधी गेल्या, हे मुलांनी वहीत लिहावे. दुसऱ्या मनोऱ्याच्या लहरी पोचत नसतील आणि जनित्रही नसेल, तर दोन वेळांमधले अंतर म्हणजे त्या संचाची खरी क्षमता. गेल्या पावसाळ्यात सहा तास होते आणि यंदा दोनच भरले, तर ती वही घेऊन ग्रामपंचायतीत जावे.